शाळेचे दार सर्वांत शेवटी

"कोरोनानं पोरं बिघडली बघा, सर." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे की, आता ते म्हणीच्या पंगतीला जाऊन बसेल असे वाटते. पालकसभेत आया म्हणतात, शिक्षकांच्या खोलीत सहकारी म्हणतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले निवृत्त गृहस्थ भाताचा घास थांबवून म्हणतात. मुले ऐकत नाहीत, उलट बोलतात, एका जागी बसत नाहीत, चार माणसांत आली की तोंड शिवल्यासारखी गप्प राहतात आणि हातातला मोबाईल काढून घेतला की घर डोक्यावर घेतात. हे सारे खरेच आहे. आयुष्य फळ्यासमोर घालवलेला माणूस ते नाकारणार नाही.

पण व्याकरण शिकवणारा माणूस म्हणून मला या वाक्याचा संशय येतो. त्यात बिघडण्याचे काम मुलांच्या नावावर टाकले आहे, कारण म्हणून एक विषाणू हजर केला आहे, आणि आपण वडीलधारी माणसे त्या वाक्यात कुठेच नाही! जणू मार्च २०२० पासून पुढे जे घडले ते वळवाच्या पावसासारखे आभाळातून पडले. वाचकहो, तसे झालेले नाही. विषाणूने माणसे मारली, हे खरे. पण मुलांनी कुठे जायचे, कुणाला भेटायचे, कुणाशी खेळायचे नाही आणि हे किती दिवस चालायचे, याचा प्रत्येक निर्णय माणसांनी घेतला. कधी विधानसौधात बसलेल्यांनी, कधी शाळांच्या संस्थाचालकांनी, कधी आपण घरात. त्या निर्णयांचा हिशेब मांडायचा म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको. सुरुवातीला शाळा बंद केल्या यात चूक काहीच नव्हते. या देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये आमच्याच राज्यात, गुलबर्ग्यात झाला. काय आले आहे आणि ते मुलांना काय करील, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे एप्रिल-मे २०२१ मध्ये खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी माणसे दारोदार फिरली. ज्या घरांतली माणसे त्या दिवसांत गेली, त्या घरांपुढे उभे राहून शहाणपण सांगण्याचा अधिकार मला नाही. माझा प्रश्न बंद करण्याबद्दल नाहीच. बंद केलेली दारे पुन्हा उघडताना आपण कोणता क्रम लावला, एवढेच मी विचारतो आहे. कारण संकट ओसरताना माणूस पहिल्यांदा काय उघडतो, यावरून त्याच्या घरात कुणाला किती किंमत आहे ते कळते.

तो क्रम असा. ४ मे २०२० रोजी कर्नाटकात दारूची दुकाने उघडली. पहाटेपासून लागलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. ८ जून २०२० पासून देवळे, हॉटेले आणि मोठी दुकाने उघडली. २५ जूनला एस.एस.एल.सी.ची परीक्षा सुरू झाली, म्हणजे मुलांची परीक्षा घेण्यापुरती शाळा उघडता येत होती. डिसेंबर २०२० मध्ये, २२ आणि २७ तारखेला, ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. गावोगाव प्रचार झाला, जेवणावळी उठल्या, गुलाल उधळला. १७ एप्रिल २०२१ रोजी, दुसरी लाट चढत असताना, बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. ३ सप्टेंबर २०२१ ला बेळगाव महापालिकेचे मतदान झाले आणि ६ तारखेला मतमोजणी. आता हे लक्षात ठेवा. ज्या ६ सप्टेंबरला गुलाल उडाला, त्याच दिवशी राज्यात सहावी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरू लागले. आणि पहिली ते पाचवीची पोरे? त्यांच्यासाठी दार उघडले २५ ऑक्टोबर २०२१ रोजी. मधल्या काळात ज्या शाळाखोल्यांत मतपेट्या आणि मतदानयंत्रे मांडता आली, त्याच खोल्यांत सहा वर्षांचे मूल पाटी घेऊन बसू शकत नव्हते. मताला संसर्ग होत नाही, मुलाला होतो, असेच शास्त्र दिसते!

युनेस्कोच्या हिशेबाप्रमाणे भारतातल्या शाळा पूर्ण किंवा अंशतः मिळून ८२ आठवडे बंद होत्या. डेन्मार्कने लहानांच्या शाळा १५ एप्रिल २०२० लाच उघडल्या होत्या. तो श्रीमंत देश, त्यांच्या वर्गात मुले थोडी, हे मान्य. पण 'सगळ्यांत लहान ते सगळ्यांत आधी' हा विचार करायला श्रीमंती लागत नाही. आपण नेमके उलटे केले. दहावीची मुले आधी आणली, कारण त्यांच्यापुढे परीक्षा होती. ज्यांना शाळेची सवयच अजून लागायची होती, त्यांना शेवटी आणले. शाळा म्हणजे परीक्षेचे केंद्र, हे आपल्या मनात किती खोल रुजले आहे त्याचा याहून उघड पुरावा नको.

आता त्या शब्दाकडे येतो. 'सामाजिक अंतर' हा शब्द आपल्याला कुणी दिला, याची चौकशी भाषेच्या माणसाने तरी करायला हवी. रोग टाळायला हवे होते ते दोन शरीरांमधले अंतर. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द पुढे केला, माणसांचे एकमेकांशी असलेले नाते तुटू नये म्हणून. आपण मात्र 'सामाजिक' हाच शब्द धरून ठेवला. आपल्या समाजाला तो जवळचा वाटला असल्यास नवल नाही. विहीर वेगळी, पंगत वेगळी, कप वेगळा, असे सामाजिक अंतर आपण शतकानुशतके पाळत आलो आहोत. शाळा ही त्या अंतराला थोडीफार खिंडार पाडणारी जागा होती. तिथे एका बाकावर कुणाचाही मुलगा कुणाच्याही मुलाशेजारी बसत होता आणि डब्यातली चटणी मागून खात होता. ती जागा दीड वर्ष बंद पडली आणि जे मूल घरी राहिले ते आपापल्या गल्लीत, आपापल्या जातीत, आपापल्या भाषेत राहिले. याचा हिशेब कुठल्याही अहवालात नाही.

मुलांनी या काळात काय गमावले, असे विचारले की, लोक लगेच अभ्यासाचे आकडे काढतात. तेही पाहू. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटकासह पाच राज्यांतल्या सरकारी शाळांची १६ हजारांवर मुले तपासली. ९२ टक्के मुले आदल्या वर्षी येत असलेले भाषेतले किमान एक कौशल्य विसरली होती, गणितात हेच प्रमाण ८२ टक्के होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आदी मंडळींनी १५ राज्यांतल्या गरीब वस्त्यांत पाहणी केली. खेड्यांतली फक्त ८ टक्के मुले नियमाने ऑनलाइन शिकत होती, ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्णपणे थांबला होता. आणि आपण म्हणत होतो, 'शिक्षण सुरूच आहे'!

आमच्या सीमाभागात तर या ऑनलाइन प्रकरणाची आणखी एक गंमत झाली. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' सुरू झाली. भाषा आमची, पण पाठ्यक्रम महाराष्ट्राचा. चंदना वाहिनीवर पाठ लागत होते. पाठ्यक्रम आमचा, पण भाषा कानडी. मराठी माध्यमाचे पोर या दोन वाहिन्यांच्या मध्ये बसले आणि शेवटी त्याने तिसरीच वाहिनी लावली, ती कार्टूनची. पोराचे काय चुकले, सांगा. त्यातच कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस उभे राहिले आणि ज्यांचे आजोळ कागलला की गडहिंग्लजला, त्यांना ते एकाएकी परमुलूख झाले. सुट्टीत जाऊन राहायचे दुसरे घरही गेले.

या अवधीत एक चांगली गोष्ट झाली होती, ती आवर्जून सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटकाने 'विद्यागम' सुरू केले. शिक्षक वस्तीवर जात, देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली, समाजमंदिरात मुलांना लहान गटांत घेऊन बसत. मोकळी हवा, मुले थोडी आणि समोर जिवंत माणूस. याहून शहाणी योजना त्या दोन वर्षांत माझ्या पाहण्यात नाही. ऑक्टोबरमध्ये काही शिक्षक आणि मुले आजारी पडल्याच्या बातम्या आल्या, ओरड झाली आणि योजना थांबवण्यात आली. ती सुधारून, आणखी काळजी घेऊन चालवता आली असती. पुढे जानेवारीत ती शाळेच्या आवारात पुन्हा आणलीच ना? पण मधल्या महिन्यांत ग्रामपंचायतीचा प्रचार थांबवा, असे मात्र कुणी ओरडले नाही.

तरीही माझी मुख्य तक्रार अभ्यासाची नाही. विसरलेले पाढे पुन्हा पाठ होतात. 'असर'च्या पाहणीत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचता येणारी २०१८ मध्ये देशभर २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ वर घसरली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर आली. आकडा जागेवर आला म्हणून अधिकाऱ्यांनी हुश्श केले. पण मूल जागेवर आले का? शेजारच्याशी भांडून संध्याकाळी पुन्हा गट्टी करता येते का, हरल्यावर दुसरा डाव मांडता येतो का, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबता येते का, याची पाहणी कुणी केली? या गोष्टी पुस्तकात नसतात. त्या लगोरीच्या डावात, आट्यापाट्यांत, पाण्याच्या नळावरच्या ढकलाढकलीत शिकायच्या असतात, आणि त्या शिकण्याचे वय साधारण सहा ते बारा. नेमके तेच वय आपण घरात कोंडले.

२०२० साली तिसरीत असलेली मुले जून २०२५ मध्ये आठवीत, म्हणजे आमच्या हायस्कुलात, आली. मी त्यांच्याकडे रोज पाहतो. दोघांचे वाजले की त्यांना मधला मार्ग माहीत नसतो. एक तर हात उगारायचा, नाही तर आठ-आठ दिवस अबोला. खेळात हरलेला मुलगा मैदान सोडून जातो. मुली घोळक्यात दिसतात, पण घोळक्यात प्रत्येकजण एकटी. वर्गात शंका विचारायला उठायचे म्हणजे संकट. एन.सी.ई.आर.टी.ने २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांवर विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची धास्ती वाटते असे सांगितले, आणि प्रश्न विचारायला संकोच वाटतो असे म्हणणारी २८ टक्के होती. या मुलांना मी बिघडलेली म्हणणार नाही. ज्याला पाण्यात उतरूच दिले नाही, त्याला पोहता येत नाही म्हणून आपण बुडवा म्हणतो काय?

दुभाषी मुलखातल्या वाचकांसाठी आणखी एक नुकसान सांगतो, ज्याची चर्चा मला कुठे आढळली नाही. आपल्याकडे मूल शेजाऱ्याची भाषा पुस्तकातून शिकत नाही. ते शिकते गल्लीत. मराठी घरातला पोरगा कानडी शिकतो ते चेंडू आणायला जाऊन, आणि कानडी घरातला पोरगा 'चल की रे' म्हणायला शिकतो ते त्याच्याबरोबर धावून. बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकी, कुठेही जा, आपल्या आजोबांची कानडी आणि त्यांच्या कानडी मित्रांची मराठी अशीच घडली. चुकीच्या व्याकरणाची, पण गोड आणि बिनभीतीची. दीड वर्ष गल्ली ओस पडली आणि ही शाळा, जिला ना फी ना परीक्षा, बंद झाली. आता मैदानावर मी पाहतो, एक मराठी आणि एक कानडी घरातले मूल एकमेकांशी बोलतात ते मोबाईलवर ऐकलेल्या हिंदीत. दोघांच्या घरापासून सारख्याच लांब असलेली भाषा!

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि आपल्या मराठीचा हक्क आपण सोडणार नाही. पण निकाल कसाही लागला तरी ही मुले याच गल्ल्यांत, याच शेजाऱ्यांबरोबर जगणार आहेत. ज्याला शेजाऱ्याची भाषा खेळता खेळता आली, त्याला त्या भाषेची भीती वाटत नाही. आणि ज्याला भीती वाटत नाही, त्याला कुणी सहज भडकवू शकत नाही. ज्यांना भाषेवरून माणसे भडकवायची आहेत त्यांच्यासाठी ओस गल्ली ही पर्वणीच आहे.

"अहो सर, पण मुलांना बिघडवले ते मोबाईलने," असे मला सांगितले जाते. ठीक. तो मोबाईल त्यांच्या हातात कुणी दिला? 'असर'च्या पाहणीत २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये तो ६७ टक्क्यांवर गेला. गरिबाने दागिना गहाण टाकून फोन घेतला, कारण शाळेने सांगितले की, फोन नाही तर शिक्षण नाही. मग शाळा उघडली आणि त्याच शाळेने फर्मान काढले की, फोन हे विष आहे! दीड वर्ष मूल आणि जग यांच्यामध्ये तीच एक खिडकी उघडी ठेवली, आणि आता ते खिडकीपाशीच बसते म्हणून त्याच्या पाठीत धपाटा. २०२४ च्या 'असर'मध्ये १४ ते १६ वयाच्या मुलांनी आठवड्याभरात फोनचा काय उपयोग केला ते विचारले होते. अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. मला यात व्यसनाच्या आधी भूक दिसते. मूल तिथे माणसे शोधत असते. घराबाहेर माणसे दिली तर फोन आपोआप थोडा खाली ठेवला जाईल. नुसता हिसकावून घेऊन हातात काय देणार, याचे उत्तर तक्रार करणाऱ्यांपाशी नसते.

आणि आपण देतो आहोत ते काय? शिकवणी! सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. राहिलेले शिक्षण भरून काढायचे म्हणून शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला, चित्रकलेचा विज्ञानाला. शनिवारची दुपार जादा वर्गाला. ज्या मुलांची सोबत दीड वर्ष काढून घेतली, त्यांचा उरलासुरला खेळ आपण 'भरपाई' म्हणून कापतो. उपाशी माणसाला जेवण द्यायचे सोडून त्याच्याकडून मागच्या जेवणाचे पैसे वसूल करण्याचा हा प्रकार आहे. माझ्या व्यवसायातल्या बंधूंनाही माझा हा सवाल आहे. निकालाच्या टक्क्यांसाठी आपण मैदानाला कुलूप लावतो, आणि मग स्टाफरूममध्ये बसून म्हणतो, पोरांना शिस्त नाही.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून चार मागण्या मांडतो. पहिली शाळांकडे. खेळाचा तास कुठल्याही विषयाला देऊ नये. मुख्याध्यापकाने तो परीक्षेच्या तासाइतका सांभाळावा. दुसरी शिक्षकांकडे. मुलांचे भांडण झाले की, लगेच शिक्षा करून मिटवू नये. दोघांना समोरासमोर बसवून बोलू द्यावे. वेळ जाईल, पण तोच खरा पाठ आहे. तिसरी सीमाभागातल्या संस्थांकडे. मराठी आणि कानडी शाळांची मैदाने बहुतेक ठिकाणी हाकेच्या अंतरावर असतात. वर्षातून चार सामने तरी मिश्र संघांचे भरवा, एका संघात दोन्ही शाळांची मुले. भाषणे नकोत, पाहुणे नकोत, फक्त चेंडू द्या. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी सरकारकडे, मग ते बेंगळूरचे असो की मुंबईचे. पुढे पुन्हा कधी साथ आली, आणि साथी येतच असतात, तर नियम आधीच लिहून ठेवा. शाळा बंद होईल ती सगळ्यांत शेवटी, उघडेल ती सगळ्यांत आधी, आणि त्यातही लहानांचे वर्ग आधी. ज्या गावात मतदान घेता येते त्या गावात शाळा भरवता येते, हे कागदावर येऊ द्या.

आपल्या घरांतून प्लेगच्या दिवसांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. गाव सोडून लोक शेतात झोपड्या घालून राहिले, अशा त्या गोष्टी असत. भय तेव्हाही होते, मरण आजच्यापेक्षा अधिक होते. पण झोपडीबाहेर माळ होता आणि माळावर दुसऱ्या झोपडीतली मुले होती. आपण अधिक शास्त्र शिकलेली माणसे. आपल्या मुलांसमोर आपण पडदा ठेवला आणि त्यालाच माळ म्हणालो.

पालकांना शेवटची एक विनंती. हा अंक हाती पडेल तेव्हा दिवाळीची सुट्टी असेल. बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्ले आले आहेत. रंगवलेले, सुबक, उचलून आणले की झाले. ते आणू नका. अंगणात नाही तर गल्लीच्या कोपऱ्यात मातीचा ढीग टाका, जुनी पोती द्या, आणि दार उघडून मुलांना बाहेर सोडा. पलीकडच्या कानडी घरातल्या मुलालाही हाक मारू द्या. बुरूज कुणी बांधायचा यावरून भांडण होईल. होऊ द्या. खिडकीतून ओरडू नका. चिखलाने कपडे भरतील, तुळशीची कुंडी फुटेल, किल्ला वाकडातिकडा होईल. आळीव पेरले की चार दिवसांत तो हिरवा होईल. मुलांना थोडा अधिक वेळ लागेल. तेवढी वाट पाहण्याचे देणे आपण त्यांना लागतो.